हड्डीबाईंची बिनगाडीची सहल

हड्डीबाई आधी रागवायच्या आणि मग प्लास्टर घालायच्या. हा क्रम कधी चुकला नाही. समता कॉलनीतल्या त्यांच्या दवाखान्यात मोडका हात घेऊन कोणी आलं, की बाई हाताकडे बघायच्याच नाहीत. माणसाच्या तोंडाकडे बघायच्या, जरा वाकून वास घ्यायच्या आणि विचारायच्या, "कौन चला रहा था? और क्या पी के चला रहा था?" खरं उत्तर मिळालं तर अर्धा राग. खोटं मिळालं तर बाहेरच्या बाकावरच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढा. बाकावरचे जुने पेशंट नव्यांना धीर द्यायचे, "मैडम के हाथ से हड्डी जल्दी जुड़ती है. डर के मारे."

नाव त्यांना सगळ्या शहरानं दिलं होतं. रायपुरात बाईमाणसानं हाडांची डॉक्टर व्हावं, हातोडी-करवत घेऊन मांडीत रॉड बसवावा, हे लोकांना आधी खरंच वाटलं नाही. खरं वाटायला लागल्यावर त्यांनी नाव ठेवलं. मराठी घरांमध्ये 'हड्डीबाई', बाकीच्यांत 'हड्डीवाली मैडम'. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी फिजिओथेरपी करायची. त्यांनी जोडलेले गुडघे आणि कोपर माझ्याकडे वाकवायला यायचे. त्यामुळे मी त्यांचा राग भिंतीपलीकडून, रोज, अनेक वर्षं ऐकला आहे. आज त्यांच्याबद्दल लिहिताना लोकांची अपेक्षा असेल की मी म्हणावं, राग वरवरचा होता, आतून बाई लोण्यासारख्या होत्या. तसं काही नव्हतं. राग आतपर्यंत होता आणि तो चांगला राग होता.

एकदा मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात एका बाईंनी फार हळव्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, तुमच्या घरातलं कोणी गेलं होतं का हो ॲक्सिडेंटमध्ये? म्हणून तुम्हाला एवढं..." हड्डीबाईंनी हातातलं वाण खाली ठेवलं. "काहून? माझ्या घरचं कोणी मेलं तरच मले राग यावा का? दुसऱ्याच्या घरचं मेलं तर मी काय करावं, तिळगूळ वाटावा?" त्यानंतर त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

आणि या बाई बीअर प्यायच्या. तरुणपणी काही महिने त्या शिकायला जर्मनीत होत्या. तिथून सांधे बदलण्याचं ज्ञान आणि बीअरची आवड, दोन्ही घेऊन आल्या. रविवारी दुपारी जेवणाआधी एक बाटली, उंच ग्लासात, रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून. लग्न केलं नव्हतं, वर उघड्या खिडकीत बीअर. कॉलनीत काय काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. मी एकदा भीत भीत म्हटलं, "बाई, पडदा तरी ओढा." त्या म्हणाल्या, "पडद्यामागे पिते ती दारू, संध्या. मी बीअर पिऊन राहिले." पण पिऊन झाल्यावर त्या घराचा उंबरा ओलांडत नसत. दवाखान्यातून फोन आला तर दुसऱ्या डॉक्टरांना पाठवत. स्कूटरची किल्ली रविवारी देव्हाऱ्यात ठेवलेली असे. देवावर त्यांचा विश्वास नव्हता. पण देव्हाऱ्यात सहज हात जात नाही, एवढा त्याचा उपयोग.

मग छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं, आणि रस्ते रुंद व्हायला लागले. तेलीबांध्याच्या पुढे जिथं नुसती शेतं होती तिथून नव्या राजधानीकडे असा रस्ता गेला, की बघतच राहावं. लोक म्हणायचे विकास. बाई एक्स-रे उजेडावर धरून म्हणायच्या, "हा बघ विकास. पूर्वी मनगटं मोडून यायची. आता मांड्या मोडून येतात." पिण्याची ठिकाणंही गावातून उठून त्या रस्त्यावर गेली. ढाबे, बगिचे, फार्महाऊस. त्यावर तर त्यांचा फारच राग होता. "म्हणजे प्यायला जायचं तर गाडीनं जा, आणि प्यालास की गाडीनंच ये. दुसरी सोयच नाही ठेवली. कोणत्या गाढवानं आखलं असेल हे?"

त्या रागातूनच सहलीची कल्पना निघाली. एका शनिवारी ओपीडी संपल्यावर त्यांनी मला हाक मारली. एक्स-रे बघायच्या दिव्याच्या पेटीवर त्यांनी युरोपचा नकाशा चिकटवला होता. मागून उजेड येत होता आणि सगळे देश एखाद्या छातीच्या एक्स-रेसारखे दिसत होते.

"आपण बीअर चाखायला जायचं," त्या म्हणाल्या. "पण कुठेच गाडी चालवायची नाही. कोणीच नाही. रेल्वे, ट्राम आणि पाय."

पुढे कितीतरी शनिवार आम्ही त्या पेटीसमोर घालवले. बाईंनी सहल एखाद्या ऑपरेशनसारखी आखली. लॉज असा पाहिजे, की पिण्याच्या जागेपासून डुलत डुलत पायी येता येईल. ज्या दिवशी गाव बदलायचं तो दिवस कोरडा. सामान आणि नशा दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. ग्लास छोटा, बरोबर पाव, प्रत्येक ग्लासामागे पाणी. आणि ज्या गावात स्टेशन नाही ते गाव नकाशावरून बाद. बेल्जियममध्ये काही मठांतले संन्यासी फार नामांकित बीअर करतात, ती चाखायची त्यांना मोठी हौस. पण मठ रानात आणि बस कधीतरी. बाई त्या संन्याशांवरही चिडल्या. "संसार सोडला ते ठीक. बस-स्टॉप काहून सोडला?" शेवटी तीन गावं उरली. जर्मनीतलं बामबर्ग, तिथं धुरावलेल्या जवाची बीअर मिळते आणि सगळ्या भट्ट्या एकमेकींपासून चालण्याच्या अंतरावर. चेक देशातलं पिल्झन. आणि ब्रसेल्स.

बरोबर येणार होते त्यांचे धाकटे भाऊ विनूभाऊ आणि सुमनवहिनी. विनूभाऊंचं सदर बाजारात टाइल्स आणि नळांचं दुकान. नवी राजधानी उभी राहत होती, म्हणजे न्हाणीघरंही उभी राहत होती, आणि विनूभाऊंचं बरं चाललं होतं. माणूस मोकळा, हसरा, कोणाच्याही लग्नात आधी पोचणारा. बहिणीवर त्यांचा जीव होता. आई-वडील गेल्यावर बाईंनीच त्यांचं शिक्षण केलं, लग्न लावून दिलं. रक्षाबंधनाला ते बाईंना साडी आणायचे, आणि बाई ती रंगावरून शिव्या घालत नेसायच्या. बीअरची गोडीही भावाला बहिणीनंच लावली होती. फक्त बिनगाडीचं मात्र त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

"ताई, जर्मनीत जाऊन गाडी नाही चालवायची? लोकं हसतील मले," ते नकाशासमोर उभे राहून म्हणायचे. "एक दिवस घेऊ न गाडी. तुझ्या त्या संन्याशांकडे नेतो तुले. दोन घोटांनी काय होते?"

"दोन घोटांनी काय होते त्याचे एक्स-रे आहेत माझ्यापाशी. लावू का इथं?"

"तू काहीही बोलते."

"मी हाडांबद्दलच बोलते, विनू. बाकी मले काही येत नाही."

ते हसायचे, बाई हसायच्या नाहीत. पण तिकिटं काढली गेली. व्हिसा आले. सुमनवहिनींनी आयुष्यातला पहिला गरम कोट घेतला. आणि निघण्याच्या आधीच्या रविवारी विनूभाऊंनी नव्या राजधानीच्या रस्त्यावर एका मित्राच्या फार्महाऊसवर आम्हाला जेवण दिलं.

जेवण छान होतं. आंब्याची झाडं होती, खाली टेबलं. बाईंनी एक ग्लास बीअर घेतली, कारण आम्ही दोघी भाड्याच्या टॅक्सीनं आलो होतो आणि टॅक्सीवाला फाटकाशी वर्तमानपत्र वाचत बसला होता. विनूभाऊंनी बीअर घेतली, परत घेतली, मग मित्रांनी आग्रह केला म्हणून व्हिस्की घेतली. उन्हं कलली तसे ते उठले आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

बाईंनी हात पुढे केला. "दे."

"ताई, सगळ्यांपुढे नको न."

"सगळ्यांपुढे प्यालास. दे."

"मी काय बेवडा आहे का? तूच तर पिते बीअर!"

"मी पिऊन खुर्चीत बसते. तू पिऊन इंजिनामागे बसून राहिला."

ते हसून गाडीत बसले. सुमनवहिनी शेजारी बसल्या. बाई गाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या, साठीच्या, जाड चष्म्याच्या, दोन्ही हात बॉनेटवर टेकवून. मित्र हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, "दीदी, जाने दीजिए, भैया रोज चलाते हैं." बाई काचेतून आत बघत ओरडल्या, "सुमन, तू तरी उतर!" सुमनवहिनींनी मान खाली घातली, त्या उतरल्या नाहीत. विनूभाऊंनी गाडी मागे घेतली, झाडांमधून वळवली आणि मागच्या फाटकातून काढून नेली. जाताना हॉर्न वाजवला. थट्टेनं.

त्या हसणाऱ्या माणसांचे चेहरे मला आजही आठवतात. भली माणसं होती सगळी. त्यातल्या एकानंही आपली खुर्ची सोडली नव्हती.

आम्ही टॅक्सीनं निघालो. तेलीबांध्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली. विनूभाऊंची गाडी तिरकी उभी होती. सायकल एकीकडे, जेवणाचा डबा दुसरीकडे, आणि मध्ये मातीत एक बाई बसल्यासारखी पडलेली. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. नव्या राजधानीच्या बांधकामावर विटा वाहण्याचं काम करून ती घरी निघाली होती. विनूभाऊ गाडीला टेकून फोनवर बोलत होते. बाईंना बघताच त्यांचा चेहरा उजळला. "ताई! बरं झालं तू आलीस."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मातीत बसल्या, कोणाच्या तरी कुंपणाची एक काठी मला उपटायला लावली, आपल्या साडीचा पदर फाडला आणि पाय बांधला. बांधता बांधता विचारलं, "का नाव हे तोर?"

"सुकवारो." तिनं बाईंचा दंड घट्ट धरला होता, पाय वाचेल ना एवढंच तिला हवं होतं. "मोर गोड़ बाँच जाही न, मैडम?"

"बाँच जाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. मग मान वर करून त्या गर्दीवर ओरडल्या, "तमाशा देख रहे हो? उठाओ इसको! ऐसे नहीं, गधो, सीधा!"

पाय वाचला. पण हाडाचे तुकडे फार झाले होते, आणि पहिल्या रात्रीच बाईंना कळलं होतं की हा पाय पहिल्यासारखा होणार नाही. ऑपरेशन संपवून त्या बाहेर आल्या तेव्हा विनूभाऊ नव्हते. घटनास्थळावरूनच त्यांना कोणीतरी घेऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं ते अपघाताहून वाईट होतं. विनूभाऊंच्या दुकानाचा ड्रायव्हर पोलीस थान्यात हजर झाला होता. गाडी मी चालवत होतो, असं त्यानं लिहून दिलं होतं. तो बिचारा त्या रविवारी आपल्या गावी होता. अंघोळ करून, कोरे कपडे घालून विनूभाऊ संध्याकाळी दवाखान्यात आले. बरोबर थोरले काका आणि नात्यातली दोघं-तिघं. मी बाईंच्या शेजारीच उभी होते.

"सगळं जमवलं आहे," काका म्हणाले. "ड्रायव्हर पोट्ट्याला जामीन होऊन जाईल. त्या बाईच्या उपचाराचं विनू बघून घेईल. तुझा फक्त जबाब राहिला. तू म्हण, मी मागून आले, मी काही पाहिलं नाही."

बाई शांत होत्या, आणि म्हणूनच मला भीती वाटली. "ड्रायव्हरच्या घरी कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"ते काय करायचं आहे?"

"विनू, मी विचारलं, त्याच्या घरी कोण कोण आहे?"

विनूभाऊ रडायला लागले. "ताई, माझी चूक झाली. पण मी जेलात जाऊ का? दुकान बुडेल. पोरीचं लग्न व्हायचं आहे."

"ही घरातली गोष्ट आहे," काका म्हणाले. "घरातच राहू दे."

आता मात्र बाईंचा आवाज चढला. भिंतीपलीकडून मी अनेक वर्षं ऐकलेला, तोच. "घर रस्त्यावर आणलं कोणी? मी? मी तर गाडीपुढे उभी होते! एका बाईचा पाय मोडला, आणि आता एका माणसाचं आयुष्य मोडून राहिले तुम्ही. त्याचं प्लास्टर कोण घालेल? निघा!"

त्या रात्रभर झोपल्या नसतील असं मी समजते. तसं त्या मला कधी म्हणाल्या नाहीत. सकाळी त्या थान्यात गेल्या. मीही गेले. आम्ही दोघींनी सांगितलं, गाडी विनूभाऊ चालवत होते आणि ते प्यायलेले होते. लिहून घेणाऱ्या शिपायानं लेखणी थांबवून विचारलं, "मैडम, सगा भाई है?" बाई म्हणाल्या, "हव. सगाच आहे. लिहा."

ड्रायव्हर सुटला. विनूभाऊंवर खटला झाला. आणि आमचा समाज, ज्याच्यासाठी बाईंनी गणेशोत्सवात फुकट शिबिरं घेतली होती, तो बाईंवर उलटला. विनूभाऊंवर नाही, बाईंवर. "बहीण आहे का वैरीण?" "बाईच्या जातीला एवढा ताठा?" आणि सगळ्यात लाडकं वाक्य, "स्वतः उघड्यावर बीअर पिते, अन् भावाला शिकवते." मंडळानं त्यांचं नाव समितीतून काढलं. मराठी पेशंट दुसरीकडे जायला लागले, माझ्याकडचेही गेले. विनूभाऊ मात्र लग्नामुंजींत पहिल्या पंगतीत बसत होते. लोक त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "होऊन जाते, भाऊ."

होऊन जाते! या दोन शब्दांचा मला अजून राग येतो. आपोआप काही होत नाही. कोणीतरी किल्ली फिरवतं तेव्हा होतं.

खटल्याचं काय झालं तेही सांगते. विनूभाऊंकडच्यांनी सुकवारोच्या नवऱ्याला घेरून तडजोडीवर अंगठा घेतला. विनूभाऊंना दंड झाला, लायसन काही महिने गेलं. बस. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर ते बहिणीसमोर येऊन म्हणाले, "आजपासून तू माझी कोणी नाही." बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. त्या दिवशी दवाखान्यात त्या कोणावरही ओरडल्या नाहीत. पेशंट घाबरले.

सहल एक वर्ष लांबली. सुकवारोचं दुसरं ऑपरेशन झालं, ती माझ्याकडे कुबड्यांवर चालायला शिकली, मग काठीवर. ती काठीवर दवाखान्याचं फाटक ओलांडून गेली त्या दिवशी बाईंनी पुन्हा पेटीवर नकाशा लावला. मी म्हटलं, "बाई, आता कशाला? लोक म्हणतील..."

"काहून नाही जायचं? मी काय गुन्हा केला? बीअरनं काय गुन्हा केला?"

माझे यजमान रेल्वेतले. ते म्हणाले, "जाऊन ये, नाहीतर बाई मलाही झापतील." आम्ही दोघी गेलो.

बामबर्गमध्ये जुन्या लाकडी बाकांवर माणसं खेटून बसली होती. दोन साडीवाल्या बायका बघून त्यांनी सरकून जागा केली, एवढंच. कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नाही. काळीभोर बीअर आली. मी घोट घेतला आणि म्हटलं, "बाई, हे तर वांग्याचं भरीत आहे!" बाई खळखळून हसल्या. इतक्या वर्षांत प्रथमच मी त्यांचे दात नीट पाहिले. मग दुसरा घोट घेऊन त्या सहज म्हणाल्या, "विनूले फार आवडली असती." आणि म्हणून झाल्यावर ग्लास असा आपटला की शेजारचा म्हातारा दचकला. "त्याचं नाव नाही काढायचं," त्या मला म्हणाल्या, जणू मीच काढलं होतं.

ब्रसेल्सची बीअर आंबट लागली. आपल्याकडे उन्हाळ्यात भात रात्रभर पाण्यात ठेवून बोरे-बासी करतात, तिच्या वरच्या पाण्यासारखी. बाईंनी ती मन लावून प्यायली. पण मला आठवतं ते पिल्झन. संध्याकाळची वेळ, अजून उजेड होता. आम्ही ट्रामच्या थांब्यावर उभ्या होतो. समोरच्या पिण्याच्या जागेतून माणसं बाहेर येत होती, म्हातारी, तरुण, एक आजीबाई नातीचा हात धरून. कोणी डुलत होतं, कोणी गात होतं. ट्राम आली, सगळे चढले, ट्राम गेली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि अचानक त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण त्या रडत नव्हत्या. त्या संतापल्या होत्या.

"हे काही मोठं शहाणपण नाही, संध्या. ही माणसं काही देव नाहीत; इथंही पिऊन चालवणारे असतील. पण ट्राम आहे. बस, एक ट्राम आहे! आपण तर कोऱ्या जमिनीवर शहर बांधून राहिलो न? एक रेघ जास्त ओढली असती. त्या सुकवारोनं विटा वाहिल्या त्या शहरासाठी, अन् तिले घरी जायले सायकलीपुरती कड नाही ठेवली!" पुढची ट्राम आली तेव्हाही त्या बोलतच होत्या. ती आम्ही सोडली. त्यानंतरचीही सोडली.

परत आल्यावर बाई पूर्वीसारख्याच कामाला लागल्या, पूर्वीसारख्याच ओरडायला लागल्या. काही वर्षांनी पोटात दुखण्याचं निमित्त झालं, आणि ते निमित्त नव्हतं. स्वादुपिंडाचा कर्करोग. बाईंनी स्वतःचे रिपोर्ट उजेडावर धरून बघितले आणि म्हणाल्या, "हे माझ्या खात्यातलं नाही."

शेवटच्या आठवड्यांत विनूभाऊ आले. कोर्टाच्या पायऱ्यांनंतर प्रथमच. केस पांढरे झाले होते. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून ते रडू लागले, "ताई, मले माफ कर."

बाई फार थकल्या होत्या. तरी त्यांनी उशीवरून मान उचलली. "सुकवारोकडे गेला होतास?"

ते रुमालानं डोळे पुसत राहिले.

"पाय माझा नाही मोडला, विनू. माझ्यापुढे काहून रडतो? तिच्यापुढे जाऊन रड. मग ये. मी थांबते."

त्यांनी खरंच वाट पाहिली. दार वाजलं की त्या माझ्याकडे बघायच्या. ते आले ते बाई गेल्यावर, खांदा द्यायला.

मंडळानं शोकसभा ठेवली. ज्यांनी समितीतून नाव काढलं होतं त्यांनीच हार घातला. विनूभाऊ पहिल्या रांगेत. एकामागून एक लोक उठून बोलले. "ताई तापट होत्या, पण मन निर्मळ." "शेवटी भाऊ-बहीण एक झाले, सगळं गोड झालं." मला ऐकवेना. मी उठले. म्हटलं, "'तापट होत्या, पण...' असं नका म्हणू. तापट होत्या म्हणून एक निर्दोष माणूस आज तुरुंगाबाहेर आहे. तुम्ही सगळे शांत होतात. तुमच्या शांतपणानं काय केलं ते सांगा. आणि गोड काहीही झालेलं नाही. ती बाई अजून लंगडते." अध्यक्षांनी चहाची घोषणा केली.

त्या दिवसापासून मी दर रविवारी सकाळी विनूभाऊंना फोन करते. माझा स्वभाव असा नव्हता. मी गुडघे हळूहळू वाकवणारी बाई. पण करते. ते उचलतात, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. मी दुसरं काही बोलत नाही. "गेलात का?" एवढंच विचारते. कधी म्हणतात तब्येत बरी नाही, कधी दुकानात माल यायचा असतो, कधी म्हणतात, उद्या.

गेल्या रविवारी ते म्हणाले, "जाईन म्हणतो. पत्ता सांग." मी सांगितला, तिचा पारा म्हणजे वस्ती, वळण, हँडपंप, सगळं. त्यांनी लिहून घेतल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, "नाव काय गं तिचं?"

इतकी वर्षं. थाना झाला, कोर्ट झालं, बहीण गेली. बाई असत्या तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत होतं, पण मी फोन आपटला नाही.

"सुकवारो," मी म्हटलं. "म्हणा."

त्यांनी काहीतरी पुटपुटल्यासारखं म्हटलं.

"ऐकू नाही आलं, विनूभाऊ," मी म्हटलं. "मोठ्यानं."